अठरा होल आणि बारा टन ऊस

मागच्या डिसेंबरात मामू बीडहून पुण्याला आले होते. कोंढव्यात मामेभावाच्या फ्लॅटवर रात्रीचं जेवण झालं आणि दस्तरखान उचलता उचलता गोल्फचा विषय निघाला. आमच्या घराण्यात हा विषय याआधी कधी निघाला असेल असं मला वाटत नाही. क्रिकेटवर भांडणं झालीत, कुस्तीवर झालीत, पण गोल्फ म्हणजे टीव्हीचा चॅनल बदलताना मध्येच दिसणारं हिरवं गवत, एवढीच आमची ओळख.

मामेभाऊ हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. त्याच्या कंपनीतले वरचे साहेब शनिवार-रविवारी गोल्फ खेळतात. त्यांच्यासोबत जाणाऱ्यांची नावं नव्या प्रोजेक्टच्या यादीत आधी येतात, असं त्याचं निरीक्षण. म्हणून चार-पाच महिन्यांपासून हा सरावाला जात होता. आता पूर्ण अठरा होलचा एक डाव खेळायचा होता. तो क्लबचा सदस्य नाही. सदस्य व्हायचं तर लाखांची बात आणि वर वर्षानुवर्षांची रांग. मग उरते ती पाहुण्याची फी. गोल्फवाले तिला ग्रीन फी म्हणतात. एक दिवस मैदान वापरायचं भाडं, असा तिचा साधा अर्थ.

"कित्ते?" मामूंनी विचारलं.

"संडे को साडेचार हजार, अब्बा."

मामू जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कागद मागितला नाही. दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बारा टन. उपर थोडा और."

मामेभावाला कळलं नाही, मला कळलं. येताना नगरच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे मामूंची एसटी तासभर रखडली होती. हंगाम चालू होता. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 273 रुपयांचे 366 रुपये झाले. साडेचार हजार भागिले 366, म्हणजे बारा टन आणि वर थोडा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे थंडीत फडात उतरून ही जोडी दिवसाला फार तर दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडीत भरते. म्हणजे एका रविवारचा खेळ म्हणजे एका जोडीचे सहा दिवस.

मामेभावाने हळूच सांगितलं की यात कॅडीचे सहाशे आणि भाड्याच्या काठ्यांचे बाराशे धरलेले नाहीत. मामूंनी तेही मिळवलं. सतरा टनांच्या वर गेलं. मग तो हिशेब त्यांनी सोडून दिला.

खरं सांगायचं तर हा हिशेब मला पटला आणि खटकलाही. पटला, कारण तो खरा होता. खटकला, कारण या मापाने पुण्यातली कुठलीच वस्तू टिकत नाही. मल्टिप्लेक्समधलं पॉपकॉर्न टनभर उसाचं. मामेभावाच्या कंपनीतला एक जेवणाचा कार्यक्रम दहा टनांचा. आम्ही बीडवाले शहरात आलो की मनातल्या मनात हे रूपांतर करतो, उसासा टाकतो आणि वस्तू विकत घेतो. त्यातून दुसऱ्याला लाज वाटते, पण त्या किमतीबद्दल काही कळत नाही. साडेचार हजारांत नेमकं मिळतं काय आणि ते का लागतात, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, मामेभाऊ सरावाला निघाला तेव्हा मीही निघालो. मामूंनी टोपी बदलली आणि तेही गाडीत येऊन बसले.

ते मैदान पुण्याबाहेर आहे, नाव सांगायची गरज नाही. फाटकावर गाडीचा नंबर लिहून घेतला. आत एक खिडकी आणि खिडकीशेजारी फलक. मंगळवार ते शुक्रवार 2,800. शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी 4,500. दुपारी तीननंतर नऊ होलचे 1,500. सदस्याचा पाहुणा म्हणून आलात तर कमी, परदेशी असाल तर जास्त. सरावाच्या जागेवर, म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवर, पन्नास चेंडूंची बादली 300 रुपये. सोमवारी मैदान बंद.

मामूंनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिडकीतल्या मुलाला विचारलं, "नुसतं बघायचे किती?"

तो मुलगा गोंधळला. "सर, नुसतं बघायला कोणी येत नाही."

आपल्या ओळखीची पाहुण्याची फी वेगळी असते. संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यावर आपण 25 रुपये देतो, परदेशी पाहुणा 300 देतो. अजिंठा-वेरूळला आपल्याला 40 आणि त्याला 600. तिथे आपण बघण्याचे पैसे देतो. शंभर माणसांनी मकबरा पाहिला म्हणून एकशे एकाव्या माणसासाठी तो कमी होत नाही. गोल्फचं तसं नाही, आणि दराचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

अठरा होलचं मैदान म्हणजे साधारण शंभर ते दीडशे एकर. एका डावाला चार-साडेचार तास लागतात. एका वेळी चार जणांची तुकडी सुटते आणि पुढची तुकडी आठ-दहा मिनिटांनी. त्याआधी सोडली तर मागच्याचा चेंडू पुढच्याच्या डोक्यात. म्हणजे उजेड असेपर्यंत किती माणसं सोडता येतील याला मर्यादा आहे. दिवस कितीही चांगला गेला तरी दीड-दोनशे माणसं. एवढ्या जमिनीत आमच्याकडे एक वस्ती नांदते.

आणि सुटण्याची ती दहा मिनिटांची वेळ साठवून ठेवता येत नाही. बीड-पुणे एसटीची एक सीट रिकामी गेली तर ती उद्या विकता येत नाही, तसंच. गाडी रिकामी धावली तरी डिझेल लागतं. इथे कोणी खेळो न खेळो, गवत कापायचं आहे, पाणी द्यायचं आहे, बंकरमधली वाळू रोज सारखी करायची आहे. सदस्यांची वर्गणी हा खर्च उचलते, पण सदस्य सगळे रविवारी सकाळी येतात. मंगळवारी दुपारी मैदान रिकामं असतं. ती रिकामी वेळ पाहुण्याला विकायची, आणि रविवारी पाहुणा नकोच असतो म्हणून दर चढा लावायचा. फलकावरचे वेगवेगळे आकडे असे तयार होतात. पाहुण्याच्या पैशावर सदस्याची वर्गणी थोडी हलकी होते, हेही त्यात आलंच.

मामेभावाने तीनशे रुपये काढले. मामूंनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या खिशातून पैसे दिले. "पहली बार आयें, मेरे तरफ से."

खिडकीतल्या मुलाने रजिस्टर पुढे केलं. मामेभावाने पूर्ण नाव लिहिलं, मामूंनीही लिहिलं, मीही लिहिलं. त्याने रजिस्टर फिरवून घेतलं, पाहिलं आणि बादली दिली. बस्स.

हे 'बस्स' मला का जाणवलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मामेभाऊ कंपनीजवळ भाड्याचं घर शोधत होता. दोन ठिकाणी फ्लॅट आवडला, भाडं ठरलं, ॲडव्हान्स द्यायची वेळ आली आणि नाव विचारलं गेलं. नाव सांगितल्यावर एका ठिकाणी फ्लॅट अचानक पुतण्याला द्यायचं ठरलं, दुसऱ्या ठिकाणी सोसायटीचा काही नियम निघाला. तिसऱ्या ठिकाणी एजंटने फोनवरच विचारून घेतलं आणि दोघांचा वेळ वाचवला. म्हणून हा माणूस कोंढव्यात राहतो आणि रोज हिंजवडीला जाऊन-येऊन तीन तास गाडीत घालवतो. ज्या वाचकांचं आडनाव आमच्यासारखं आहे त्यांना हे सविस्तर सांगायला नको. इतरांनी एवढंच ध्यानात घ्यावं की ते भाडं त्याला परवडत होतं. तिथे दर लिहिलेला होता, पण अट लिहिलेली नव्हती.

या खिडकीवर मात्र सगळं लिहिलेलं होतं. दर माजखोर असेल, पण तो सगळ्यांना एकच होता.

अर्थात, हे नेहमीच असं होतं असं नाही. मुंबईच्या विलिंग्डन क्लबचा किस्सा प्रसिद्ध आहे. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनही नेता येत नसे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनला आपल्या संस्थानिक दोस्ताला सोबत नेण्यावरून असाच नकार ऐकावा लागला आणि त्यातून हिंदी आणि युरोपियन दोघांना खुला असलेला, गोल्फचं मैदान असलेला हा क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात उभा राहिला, असं सांगतात. त्या संस्थानिकांकडे पैसा गोऱ्यांपेक्षा जास्त असेल. फी किती, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत आलाच नाही. आणि हे सगळं साहेबासोबत गेलं असंही नाही. 2017 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या मेघालयातल्या एका खासी बाईला तिच्या पारंपरिक पोशाखावरून टेबलावरून उठायला सांगितलं गेलं. देशभर बातमी झाली. ती रीतसर बोलावलेली पाहुणी होती.

म्हणून मला वाटतं, फलकावर छापलेली फी ही तशी लहान गोष्ट नाही. जिथे पाहुण्याला फीच नसते ती जागा फुकट नसते, ती बंद असते. आकडा मोठा असला तरी त्याच्याशी वाद घालता येतो. मंगळवारी ये, दुपारी ये, नऊच होल खेळ, पैसे साठव. न लिहिलेल्या अटीशी वाद घालता येत नाही. पण छापलेला आकडासुद्धा माणसं गाळण्याचंच काम करतो, हेही खरं. त्याची भेट रेंजवर झाली.

रेंजवर मामेभाऊ चेंडू मारत होता. पन्नासातले वीस हवेत गेले, बाकीचे सरपटत. मामूंनी एक मारून पाहिला. काठी हवेत फिरली, चेंडू जागचा हलला नाही. टोपी मात्र पडली. मग ते बाजूच्या कडेला उकिडवे बसून गवतावर हात फिरवू लागले. तिथे एक माळी पाइप ओढत होता. मामूंनी मराठीत विचारलं, "हे गवत कोणतं आहे हो?"

तो थांबला. "तुमी बीडाकडचे का सर?"

बोलण्यावरून ओळखलं म्हणाला. तो धारूर तालुक्यातला. बारा वर्षं कोयता केला, मग बायकोची कंबर गेली आणि दोघं पुण्यात आले. सहा वर्षं झाली या मैदानावर. बायकोही इथेच, सकाळी ग्रीनवरचा पालापाचोळा वेचायला.

"आन् गवताचं म्हनाल तर हराळीच हाय सर. बर्म्युडा म्हनत्यात हिला."

मामू हसायला लागले. मीही. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हराळी, त्याच कुळातली निवडून काढलेली जात. आमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य रानातली हराळी खणून काढण्यात गेलं. तिच्या काशा जमिनीत इतक्या खोल जातात की एक तुकडा राहिला तरी पुढच्या पावसात पुन्हा रान व्यापते. ती इथे पाळलेली होती. ग्रीनवर म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत जागेवर ती जवळजवळ रोज कापावी लागते, काही मिलिमीटरवर. वर वाळू टाकायची, हवा खेळावी म्हणून भोकं पाडायची, बुरशीवर लक्ष ठेवायचं. साडेचार हजारांतले बरेच पैसे या हराळीच्या तोंडात जातात.

"पानी?" मामूंनी बीडच्या माणसाचा प्रश्न विचारला.

"सांडपानी शुद्ध करून येतंय. टाकी हाय मागं."

अठरा होलच्या मैदानाला उन्हाळ्यात दिवसाला लाखो लिटर पाणी लागतं. एप्रिल 2016 आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आमच्याकडे टँकरच्या रांगा होत्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. त्या वर्षी क्रिकेटच्या खेळपट्टीवरच्या पाण्याचा हिशेब सगळ्या देशाने केला. गोल्फच्या हिरवळीचा फारसा कोणी केला नाही, कारण ती टीव्हीवर नव्हती आणि फाटकाच्या आत होती. सांडपाणी वापरत असतील तर चांगलंच आहे. ते प्रत्येक मैदानावर वापरलं जातं का, हे विचारायचा हक्क मात्र फक्त आत खेळणाऱ्यांचा नसावा.

मामूंनी माळ्याला विचारलं, "तुम्ही कधी खेळलात?"

"खेळतो की. सोमवारी."

सोमवारी मैदान बंद असतं. सकाळी दुरुस्तीची कामं आणि दुपारनंतर कॅडी आणि कामगारांना खेळायची मुभा. ही पद्धत बऱ्याच क्लबांत आहे, आणि भारतीय गोल्फचा मोठा इतिहास या सोमवारांतून आलेला आहे. 1991 मध्ये अली शेर यांनी दिल्लीत इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळालेला आहे. त्यांची सुरुवात कॅडी म्हणून झाली होती, दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. त्यांच्यानंतर शमीम खान आले, आणखीही बरीच नावं त्या वाटेने आली. मुसलमान पोरांची त्यात चांगली संख्या आहे, आणि आपल्याला ती नावं फारशी माहीत नाहीत.

म्हणजे मैदानात शिरायचे तीन रस्ते आहेत. एक सदस्यत्वाचा, एक फीचा आणि एक खांद्याचा. देशाला पहिला मोठा व्यावसायिक विजय तिसऱ्या रस्त्याने मिळाला. हे ऐकायला छान वाटतं, पण मामूंनी लगेच विचारलं ते बरोबर होतं. "जिनको पिशवी नहीं मिली, उनका क्या?"

इथे जमिनीचा प्रश्न येतो. मैदान कोणाच्या स्वतःच्या जमिनीवर असेल तर त्याने फी किती ठेवावी हे त्याचं तो बघेल. पण आपल्या देशातली कितीतरी जुनी मैदानं सरकारी भाडेपट्ट्याच्या किंवा लष्कराच्या जमिनीवर आहेत. कॅगने 2010-11 च्या एका अहवालात लष्करी जमिनीवरच्या 97 गोल्फ मैदानांवर बोट ठेवलं होतं. आठ हजारांहून जास्त एकर, आणि सरकारला त्याचं भाडं मिळत नाही, असा आक्षेप होता. जमीन सगळ्यांची असेल तर फाटकावरचा फलकसुद्धा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला पाहिजे.

आम्हा मराठवाड्यातल्या मुसलमानांना याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुन्या राजधानीत, हैदराबादेत सापडेल. गोवळकोंड्याला लागून नया किला आहे. मोगलांच्या हल्ल्यानंतर अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात तटबंदी वाढवून केलेला. त्याच्या आत 'हत्तियां का झाड' नावाचं शेकडो वर्षांचं गोरखचिंचेचं अवाढव्य झाड आहे, आणि मुल्ला खयालीची मशीद आहे. मुल्ला खयाली दखनी भाषेचा शायर. म्हणजे मामू ज्या भाषेत "कित्ते" विचारतात त्या भाषेच्या पहिल्या पिढ्यांतला माणूस. आज या सगळ्याभोवती गोल्फचं मैदान आहे. झाड आणि मशीद बघायला जायचं तर गोल्फच्या हिरवळीतून जावं लागतं, आणि वाट सहज मिळत नाही अशी तिथल्या वारसाप्रेमींची जुनी तक्रार आहे. मकबऱ्यावर पंचवीस रुपयांत मिळतो तो बघण्याचा हक्क इथे कोणत्या खिडकीवर विकत घ्यायचा? "नुसतं बघायचे किती?" हा मामूंचा प्रश्न ऐकून मी पुण्यात हसलो होतो. नया किल्ल्याच्या बाबतीत तो हसण्यासारखा नाही.

यावर उपाय नाही असं नाही. गोल्फचं सगळ्यात जुनं घर मानतात ते स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. 1552 च्या एका सनदेत तिथल्या गावकऱ्यांचा त्या किनाऱ्यालगतच्या माळावर खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. आज ती मैदानं एक विश्वस्त संस्था सांभाळते, 1974 च्या संसदेच्या कायद्याने. जगभरातून आलेल्या पाहुण्याकडून भर हंगामात एका डावाचे तीनशे पौंडांहून जास्त घेतात, आणि खेळायच्या वेळांचा मोठा वाटा सोडतीने ठरतो. पण गावच्या रहिवाशाला त्या मानाने अगदी थोड्या पैशांत वर्षभराचा पास मिळतो. पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून सार्वजनिक रस्ता जातो, खेळ थांबवून लोकांना जाऊ देतात. आणि रविवारी जुन्या मैदानावर गोल्फ बंद. त्या दिवशी गावातली माणसं लेकरं आणि कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मैदानावर सगळ्यात महागड्या वारी फी शून्य असते. पाहुण्याकडून भरपूर घ्या, त्यावर गवत जगवा, पण ज्यांचा माळ आहे त्यांना वाट द्या, असा तो व्यवहार आहे.

संध्याकाळी परतताना मी मामूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "ये तो अपने बावडी का हिसाब है."

बीडच्या बाहेर खजाना बावडी आहे. निजामशाहीत, 1582 च्या सुमारास, जहागीरदार सलाबत खानाने बांधलेली. कारागीर होता राजा भास्कर. खजिना त्या कामात रिकामा झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. जमिनीखालून नहर काढून पाणी शेतांपर्यंत नेलेलं. दुष्काळात अख्खा जिल्हा कोरडा पडला तरी तिच्यात पाणी राहतं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. मी जितक्या वेळा गेलो, कोणी तिकीट मागितलं नाही. पण तिथे कचराही पाहिलाय, पडलेले दगडही पाहिलेत. फुकट असलेल्या गोष्टीची किंमत कोणी मोजत नाही आणि मग ती राखायला पैसेही नसतात. हे मी बोललो तेव्हा मामू गप्प झाले. खिडकीबाहेर बघत थोड्या वेळाने म्हणाले, "दस रुपये लगाव. लेकिन जिसका खेत उस पानी पे है, उसकू नक्को."

त्या दस रुपयांत सगळं आलं असं मला वाटतं. फी असावी. ती लिहिलेली असावी. तिच्यात नावाला जागा नसावी. आणि ज्यांच्या जमिनीवर, पाण्यावर, घामावर ती जागा उभी आहे, त्यांच्यासाठी त्याच फलकावर एक ओळ असावी.

मामेभावाने शेवटी रविवारचा डाव घेतला नाही. महिन्यातून एकदा सुटी टाकून मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीननंतर जातो, नऊ होल खेळतो, पंधराशे देतो. साहेब लोक त्या वेळी नसतात. मग फायदा काय, असं मी विचारलं. म्हणाला, आता खेळ आवडायला लागलाय. मामू बीडहून फोन करतात तेव्हा आधी तब्येत, मग नमाज आणि मग विचारतात, दर वाढला का. अजून चार टनांवरच आहे, असं तो सांगतो.

धारूरच्या त्या माळ्याशी त्याची आता चांगली ओळख झाली आहे. माळी म्हणाला होता, तुमच्या चेंडूत जोर आहे पण मान वर उचलता, एकदा माझ्यासोबत खेळा, दाखवतो. मामेभावाला ते मनापासून हवं होतं. त्याने खिडकीवर जाऊन विचारलं की सोमवारी त्याच्यासोबत खेळायचं झालं तर फी किती पडेल.

खिडकीतल्या मुलाने सांगितलं, सर, सोमवारी पाहुण्यांना प्रवेश नाही.